लाइट गेल्यावर जे वाजलं, त्याचं गाणं कसं करायचं?

वाचकांचे प्रश्न : बँड, जॅम आणि अल्बम

मागच्या अंकात विचारलं होतं की गावाकडं बँड करून राहिलेल्या पोरापोरींचं गाडं नेमकं कुठं अडतं. पत्रं आली, व्हॉइस नोट आल्या, काहींनी तर अख्ख्या रात्रीचं रेकॉर्डिंगच पाठवून दिलं. बहुतेकांचं दुखणं एकच, जॅम करता करता, म्हणजे काही न ठरवता एकत्र वाजवत बसलं की, काहीतरी भारी निघतं आणि त्याचं पूर्ण गाणं काही होत नाही. म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेतलेत. नावं कोणाचीच छापली नाहीत, गाव-तालुका तेवढा दिलाय.

प्रश्न : आमचा चार जणांचा बँड हाये. ड्रम, बेस, गिटार अन् एक जण खंजिरी वाजवते, तो पहिले गावच्या भजन मंडळात होता. माह्या काकाच्या गोदामात आम्ही रातच्यानं जॅम करतो. डिसेंबरमधी एका रात्री मोबाइल रेकॉर्डिंगले लावून ठेवला होता अन् मधातच लाइट गेली. गिटार, बेस बंद, पण ड्रम अन् खंजिरी चालूच राह्यली. लाइट आली तं बेसवाल्यानं हळूच एक सूर लावला अन् मंग गिटार आली. तेवढा भाग असा जमला का आम्ही रोज ऐकतो. पण आता तेच वाजवाले बसलो तं काही केल्या तसं येत नाही. क्लिप पाठवली हाये. याचं अल्बमसाठी गाणं कसं कराव, सांगा दादा. (आर्वी तालुका)

उत्तर : भाऊ, क्लिप हेडफोनवर ऐकली, मग स्पीकरवर ऐकली, आणि पहिले हे सांगून टाकतो की तुमच्याकडं गाणं आहे. ते सापडत का नाही एवढंच पाहायचंय.

लाइट जायच्या आधी काय चाललंय ते ऐका. चौघंही एकाच वेळी पूर्ण ताकदीनं वाजवून राहिले, कोणी कोणाला जागा देत नाही, गिटारचा सोलो चालू आणि त्याच्याखाली बेसचाही सोलोच चालू. मग लाइट जाते, गिटार अर्ध्या सुरात तुटते, आणि इथं तुमच्या ड्रमवाल्यानं जे केलं त्याला मनापासून दाद. तो थांबला नाही, पण झांजा त्यानं सोडून दिल्या, नुसता किक, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, आणि स्नेअरच्या, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमच्या, कडेवर काठी. अंधारात कोणीतरी "थांबू नको बे" म्हणतं ते स्पष्ट ऐकू येतं. खंजिरीवाल्यानं तेवढ्यात भजनाचा ठेका धरला, दोन बोटांची थाप आणि मधात चकत्यांची नुसती थरथर. लाइट येते तेव्हा अँपमधून (अँप्लिफायर) पहिले ढप्प आवाज, मग घुमणं सुरू होतं, आणि तुमचा बेसवाला घाई करत नाही, ते घुमणं दोन आवर्तनं जाऊ देतो आणि मग सगळ्यात खालच्या तारेवर एकच सूर धरून ठेवतो. गिटार तर त्याच्याही बऱ्याच नंतर येते. मी टॅप करून लय मोजली, आधी मिनिटाला ११२ च्या आसपास ठोके होते, लाइट गेल्यावर १०४ वर आले. तुम्ही पुन्हा वाजवायला बसता ते बहुतेक ११२ नंच, जोशात.

म्हणजे तुम्ही आता सूर आठवून राहिले, पण त्या रात्री काम केलं रिकाम्या जागेनं, उतरलेल्या लयीनं आणि कोण कधी आलं त्यानं. तेवढं लिहून काढा. एका कागदावर चार ओळी, प्रत्येक वाद्याची एक, आणि कोणत्या आवर्तनाला कोण आत येतं, कोण बाहेर जातं त्याच्या खुणा. मग ते शिका, दुसऱ्या कोणाचं गाणं बसवता तसं. आपलंच वाजवलेलं आपल्याला शिकावं लागतं हे पुष्कळ बँडना पटत नाही, आणि माझ्या मते जॅमची गाणी सगळ्यात जास्त इथंच मरतात.

दुसरी गोष्ट मोबाइलची. फोनचं रेकॉर्डर आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतं, मोठा आवाज आला की दाबतं, शांत झालं की उचलतं. लाइट गेल्यावर अँप बंद पडले तसं फोननं ड्रम आणि खंजिरी उचलून धरली, गोदामाचा घुमारासुद्धा वर आला, म्हणून तो भाग कानाजवळ वाजल्यासारखा वाटतो. बेस आला की सगळं एकदम मागं सरकतं तेही फोनचंच काम. म्हणजे तुम्हाला जे आवडलं त्यातला काही वाटा तुमच्या वाजवण्याचा आणि काही त्या फोनचा, आणि दोन्ही गाण्याचा भाग आहेत, फोनचं म्हणून टाकून देऊ नका. १९७९ साली लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमचं काम चालू होतं, ड्रमवर फिल कॉलिन्स. खोलीत एक माइक होता तो फक्त वादकांचं बोलणं कंट्रोल रूममध्ये ऐकू यावं म्हणून, आणि मिक्सिंगच्या डेस्कमध्ये त्याच्यावर एकदम कडक कम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर आणणारं यंत्र, बसवलेला होता. तो माइक चालू असताना ड्रम वाजले आणि ते असे अंगावर आले की इंजिनिअर ह्यू पॅडगमनं त्या माइकचा आवाज टेपवर घेता येईल असं वायरिंगच करून घेतलं, जोडीला नॉइज गेट लावला, तो आवाज बारीक झाला की एकदम बंदच करून टाकतो. ऐंशीच्या दशकातले ते धडाम वाजणारे ड्रम तिथून निघाले. तुम्हीही तेच करा, रेकॉर्डिंगच्या वेळी ड्रमपासून लांब, छताकडं एक माइक ठेवा, त्याच्यावर कम्प्रेसर चांगला कडक लावा आणि मिक्समध्ये तो फक्त लाइट गेलेल्या भागात वर आणा.

आणि गोदामाचं एक विचारतो, डिसेंबरमध्ये तिथं कापूस पडून होता ना? चांगल्या भावाची वाट पाहत ढीग लागलेला असला की तो ढीग वरचा आणि मधला घुमारा पिऊन घेतो, म्हणून क्लिपमध्ये काठीचा आवाज एवढा सुका आणि जवळचा आहे. आता उन्हाळ्यात गोदाम रिकामं, वर टीन, खाली सिमेंट, तर तिथं तेच वाजवलं की सगळं झणझणणार आणि तुम्हाला वाटणार आपलंच वाजवणं बिघडलं. गाद्या, गोधड्या, तट्टे, जे मिळेल ते ड्रमच्या मागं आणि दोन बाजूला लटकवा, भिंतीला चिकटवून नाही तर थोडं अंतर सोडून.

आता गाणं बांधायचं. माझा सल्ला, सुरुवात मोबाइलच्याच क्लिपनं करा. लाइट जायच्या आधीची शेवटची चार आवर्तनं, गिटार तुटते ती, "थांबू नको बे" हे शब्द, मग नुसतं ड्रम आणि खंजिरी, हे सगळं फोनचंच राहू द्या. आणि बेस जिथं येतो तिथून नवीन, नीट केलेलं रेकॉर्डिंग सुरू करा. त्या जागी आवाज तसाही बदलतोच, त्यामुळं जोड लपवायची गरजच नाही, ऐकणाऱ्याला वाटेल लाइटसोबत स्टुडिओच चालू झाला. लय तेवढी १०४ ची जुळवून घ्या, नाहीतर जोडावर ठेच लागेल. नवीन भागात पहिले ड्रम, बेस आणि खंजिरी एकत्र वाजवून घ्या, समोरासमोर बसून, गिटार आणि आवाज नंतर वरून चढवा. आणि एक जागा मोकळी ठेवा, शेवटी दोन-तीन मिनिटं काहीच ठरवू नका, खंजिरीवाला डोळ्यानं खूण करेल तेव्हा बाकीच्यांनी थांबायचं. पाच-सहा टेक घ्या, म्हणजे तेवढ्या वेळा वाजवून रेकॉर्ड करा, मधात एकमेकांशी भांडू नका, आणि निवड त्याच रात्री करू नका.

प्रश्न : जॅम करताना क्लिक लावायचा की नाही? आमच्यात याच्यावरून रोज वाद. (दारव्हा)

उत्तर : नाही लावायचा. क्लिक म्हणजे कानात एका लयीत वाजत राहणारी टिकटिक. जॅम शोधायसाठी असतो, शोधताना लय थोडी सरकते आणि ती कुठं सरकली त्यातूनच कळतं की गाणं कुठं ताणलं जातंय. १९७१ ला लेड झेपलिन हा इंग्लिश बँड हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात रेकॉर्डिंग करून राहिला होता, एक गाणं काही केल्या जमेना, तेव्हा ड्रमर जॉन बॉनमनं मधातच लिटल रिचर्डच्या एका जुन्या गाण्याची ड्रमची सुरुवात वाजवली, गिटारवाल्या जिमी पेजनं त्याच्यावर रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी चाल, टाकला, आणि थोड्याच वेळात नव्या गाण्याचा सांगाडा उभा राहिला. ते 'रॉक अँड रोल' नावानं त्यांच्या चौथ्या अल्बमवर आहे. कानात टिकटिक चालू असती तर बॉनमला असं मधातच उडी मारता आली असती का, विचार करा.

क्लिकचं काम नंतर येतं. गाणं ठरलं, ते अल्बमसाठी वाजवायचंय आणि वरून पुष्कळ वाद्यं चढवायचीत, किंवा गिटारवाला पुण्याला नोकरीला आहे आणि त्याचा भाग तिकडून येणार, अशा वेळी क्लिक पाहिजे. त्यातही एकच आकडा सगळ्या गाण्याला लावू नका, जॅम ऐकून प्रत्येक भागाची लय मोजा आणि क्लिकही तशीच बदलती ठेवा, बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ते करता येतं. बिना क्लिकच्या दोन टेकांचे तुकडे जोडायचे असतील तर कट नेहमी समेवर, ड्रमचा जोराचा ठोका पडायच्या किंचित आधी घ्या, आणि जोडावर काही मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे पहिला तुकडा विरत असतानाच दुसरा चढू द्या. टेपच्या काळात ब्लेडनं टेप तिरपी कापायचे तेही याच्यासाठीच.

प्रश्न : दोन वर्षांपासून आम्ही दर जॅम रेकॉर्ड करतो. आता लॅपटॉपमध्ये एवढं साचलंय की ऐकायला बसलं की झोप येते. यातून गाणी काढायची तरी कशी? सगळंच चांगलं वाटतं नाहीतर सगळंच भंगार वाटतं. (दर्यापूर)

उत्तर : जॅमचं गाणं वाजवताना कमी आणि ऐकताना जास्त बनतं असं माझं ठाम मत आहे, म्हणून तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त किंमत देतो.

पहिलं काम, बँडमधल्या एकाला ऐकणारा म्हणून नेमा. सगळ्यांनी मिळून ऐकलं की प्रत्येकजण स्वतःचंच वाजवणं ऐकतो. जर्मनीतल्या कोलोनच्या कॅन या बँडमध्ये हे काम बेस वाजवणाऱ्या होल्गर चुकाईचं होतं. ते लोक तासन्‌तास जॅम करायचे, सगळं दोन ट्रॅकच्या साध्या टेपवर, म्हणजे वाद्यं नंतर वेगळी करायची सोयच नाही, आणि मग चुकाई टेप कापून, जोडून त्यातून गाणी काढायचा. १९७१ चा 'टॅगो मॅगो' हा त्यांचा अल्बम असाच झालाय. यंत्रात काही बिघाड झाला, दुरुस्ती होईपर्यंत वादक सहज काहीतरी वाजवत बसले, तर तेही तो गुपचूप रेकॉर्ड करून ठेवायचा आणि वापरायचा. म्हणून रेकॉर्डिंगचं बटण "चला सुरू करू" म्हटल्यावर दाबू नका, वाद्यं जुळवतानाच दाबा आणि केबल गुंडाळून होईपर्यंत चालू ठेवा.

ऐकणाऱ्यानं वही घेऊन बसायचं. थांबवायचं नाही, मागं जायचं नाही, एका दमात ऐकायचं, आणि जिथं मान आपोआप हलली तिथली वेळ लिहायची आणि त्या तुकड्याला एक नाव द्यायचं, काहीही, "पावसाचं", "रेल्वे फाटक", "तीन नंबरचं". पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडनं १९७१ ला असेच तुकडे जमवले होते, आणि त्यांना 'नथिंग' म्हणजे 'काहीच नाही' असं नाव देऊन १ ते २४ नंबर टाकले होते. त्यातला एक होता रिक राइटनं पियानोवर दाबलेला आणि लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून काढलेला एकच टणत्कारी सूर. ते तुकडे जोडून, पुन्हा वाजवून, स्टेजवर घासूनपुसून 'एकोज' झालं, साडेतेवीस मिनिटांचं, 'मेडल' अल्बमची एक अख्खी बाजू. चोवीसातले कितीतरी वापरलेच गेले नाहीत.

तुम्ही म्हणता सगळंच चांगलं वाटतं, तर वेळ जाऊ द्या. जॅम झाल्याच्या रात्री हात अजून गरम असतात, त्या वेळचं मत कामाचं नाही. आठवड्यानं ऐका. दोन वर्षांचं जुनं साचलंय ते तर उलट सोनं आहे, कारण कोणी काय वाजवलं हे तुम्ही विसरला असाल. कपाशीत कवडी, म्हणजे खराब कापूस, वेगळी काढतात तसं दोनच ढीग करा, तिसरा "पाहू नंतर" असा ढीग केला की सगळं त्यातच जाऊन पडतं.

आणि एका जॅममधला तुकडा दुसऱ्या जॅमच्या तुकड्याला जोडून पाहायची हिंमत ठेवा. यूटू हा आयरिश बँड, ते १९९० च्या शेवटी बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत बसले होते, आपसात पटत नव्हतं, एका गाण्याच्या मधल्या भागासाठी गिटारवर दोन वेगवेगळे कॉर्डचे, म्हणजे एकत्र छेडलेल्या सुरांचे, क्रम वाजवून पाहणं चालू होतं. निर्माता डॅनिएल लान्वा म्हणाला हे दोन्ही एकापाठी एक वाजवा. बँड त्याच्यावर सुरू झाला आणि त्या जॅममधून 'वन' निघालं. ज्या गाण्यासाठी ते वाजवत होते ते बाजूला राहिलं. पण तिथंच संपलं नाही, पुढं डब्लिनला त्याच्यावर कितीतरी काम झालं आणि अल्बम आला १९९१ च्या नोव्हेंबरात.

प्रश्न : आमच्याकडे लाइटचा भरोसा नाही. लॅपटॉप, इंटरफेस, अँप सगळं मधात बंद पडलं की रेकॉर्डिंग जातं. शिवाय गिटारच्या तारेला हात आणि ओठ माइकला लागला की झटका बसतो. (वरुड)

उत्तर : झटक्याचं पहिले. ते गमतीवारी घेऊ नका, अर्थिंग नाही किंवा बिघडलेलं आहे त्याचं ते लक्षण आहे आणि त्यानं जीव जाऊ शकतो. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, तोपर्यंत वाजवू नका. तीन पिनच्या प्लगची जाड पिन कोणी तोडली असेल तर तो प्लग आजच बदला. घुमणं कमी होतं म्हणून अर्थ काढून टाकणारे लोक आहेत, त्यांचं ऐकू नका. ओल्या फरशीवर अनवाणी तर कधीच नाही.

लाइटचं असं, लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि दोन इनपुटचा छोटा इंटरफेस, म्हणजे माइक आणि वाद्यं लॅपटॉपला जोडायचा डबा, लॅपटॉपच्याच यूएसबीवर चालतो, म्हणजे लाइट गेली तरी रेकॉर्डिंग सुरूच राहतं. आठ इनपुटवाल्याला बहुतेक वेळा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो, तो इन्व्हर्टरवर टाका. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा असेल तर बरं, स्क्वेअर वेव्हवाल्यानं अँपमध्ये भुणभुण येते. सेलवर चालणारं हातातलं रेकॉर्डर असेल तर तेही कोपऱ्यात चालू ठेवा, बाकी सगळं गेलं तरी ते राहील. रेकॉर्डिंगची सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, पातळी अशी की जोराच्या ठोक्यालाही मीटर लाल होणार नाही. आठ ट्रॅकचा तासभराचा जॅम साधारण ४ जीबी होतो, त्यामुळं बाहेरची हार्ड डिस्क ठेवा, आणि एकाच ठिकाणी एकच कॉपी असं नको.

प्रश्न : माझा मुलगा झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवतो, सीझनमध्ये चार पैसे आणतो. सीझन संपला की मित्रांसोबत बँड, आणि रात्र-रात्र तेच चार सूर पुन्हा पुन्हा. वाजवतो चांगला, पण पुढे काही सरकतच नाही. शब्द नाहीत, गाणं नाही. याला काम म्हणायचं का? मी रागावत नाही, समजून घ्यायचं आहे. (ब्रह्मपुरी तालुका)

उत्तर : काकू, हो, हे कामच आहे, आणि तुम्ही विचारलं याचा फार आनंद झाला. तेच चार सूर तो पुन्हा पुन्हा वाजवतो कारण बाकीच्यांना त्याच्यावर उभं राहायला जमीन पाहिजे असते. १९८० साली टॉकिंग हेड्स हा अमेरिकन बँड बहामाजमधल्या कंपास पॉइंट स्टुडिओत गेला तेव्हा त्यांच्याकडं लिहून तयार गाणी नव्हती. ते जॅम करायचे, त्यातला चांगला तुकडा निवडायचे आणि मग माणसांनीच तो तुकडा कितीतरी मिनिटं जसाच्या तसा वाजवत राहायचा, कारण आज कॉम्प्युटर जे लूप करून देतो ते तेव्हा हातानंच करावं लागत होतं. शब्द त्याच्यानंतर आले. 'रिमेन इन लाइट' नावाचा तो अल्बम आजही लोक शिकायसाठी ऐकतात. म्हणजे शब्द शेवटी येणं यात काही वावगं नाही.

आणि तुमच्या मुलाकडं एक गोष्ट आहे ती शहरातल्या पुष्कळ पोरांकडं नसते. वडसा-ब्रह्मपुरीकडच्या नाटकात ऑर्गनवाल्याला स्टेजवरच्या माणसावर नजर ठेवून वाजवावं लागतं, नटानं जागा लांबवली की लांबवायचं, नटी पुढच्या कडव्यावर उडी मारून गेली की मागं धावायचं, समोर हजारभर लोक आणि रात्र सरेपर्यंत चूक झाकत न्यायची. जॅमला हेच लागतं, दुसऱ्याला ऐकत ऐकत वाजवणं. त्याला एवढंच सांगा की त्या चार सुरांवर मित्र काय करतात ते रेकॉर्ड करून ठेव, आणि अधूनमधून आपण स्वतः वाजवणं थांबवून पाहा. तुम्हालाही एखाद्या रात्री बसून ऐकता आलं तर ऐका आणि कोणता भाग आवडला ते त्याला सांगा, बाहेरच्या कानाची बँडला फार गरज असते.

प्रश्न : जॅममधून निघालेलं गाणं नेमकं कोणाचं? रिफ माझा, पण गाणं रिलीज करताना ड्रमर म्हणतो त्याचंही नाव पाहिजे. दुसरं म्हणजे त्याच जॅममध्ये आम्ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनाच्या दोन ओळी गायलो आणि त्याच ओळी सगळ्यात भारी आल्या. त्या ठेवता येतील का? (तिवसा तालुका)

उत्तर : ड्रमरचं नाव टाका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकार म्हणजे जो संगीत रचतो तो, त्यानं ते नोटेशनमध्ये लिहिलं असो की नसो, म्हणजे जॅममध्ये सहज रचलेलंही रचलेलंच आहे. आणि ज्या कामात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही त्याला कायदा संयुक्त रचना म्हणतो. चौघांच्या जॅममधून निघालेलं गाणं बहुतेक वेळा असंच असतं. ठरलेल्या रिफवर कोणी नुसता सांगितलेला ठेका धरला तर गोष्ट वेगळी, पण तुम्हीच पत्रात लिहिलंय की ड्रमच्या ब्रेकनंतर रिफ बदलला, मग त्या बदलात त्याचा हात आहेच. कॅननं गाणी सगळ्या बँडच्या नावावर टाकली. क्वीन हा इंग्लिश बँड, ते आधी ज्यानं लिहिलं त्याचं नाव टाकायचे आणि त्यावरून त्यांच्यात कुरबुरी चालायच्या, १९८९ च्या 'द मिरॅकल'पासून सगळं क्वीनच्या नावानं टाकायला लागले. मला स्वतःला समान वाटणी बरी वाटते, बँड टिकतो.

लक्षात घ्या, गाण्याचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा. रेकॉर्डिंगचा हक्क कायद्यानं ते करवून घेणाऱ्याचा, निर्मात्याचा. त्यामुळं कोणी म्हटलं मी पैसे लावतो, तुम्ही फक्त वाजवा, तर कागद वाचल्याशिवाय सही करू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी लिहून घेता येत नाही, तो वसूल करायसाठी आयपीआरएस ही संस्था आहे, तिचे सभासद व्हा.

भजनाचं जपून. तुकडोजी महाराज १९६८ ला गेले आणि आपल्याकडं शब्दांचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे २०२८ संपेपर्यंत. तोपर्यंत त्यांच्या ओळी अल्बमवर घ्यायच्या तर ज्यांच्याकडं हक्क आहेत त्यांची लेखी परवानगी पाहिजे. तुम्ही तिवस्याचे, महाराजांचा गुरुकुंज मोझरीचा आश्रम तुमच्याच तालुक्यात, तर तिथं जाऊन हक्क कोणाकडं आहेत ते विचारा, रेकॉर्डिंग सोबत न्या, ऐकवा, कसं आणि कुठं वापरणार ते नीट सांगा. खंजिरीचा ठेका, भजनाची ढब यावर कोणाची मालकी नाही, ती बिनधास्त घ्या. परवानगी मिळेपर्यंत गाणं अडवून ठेवायचं नसेल तर त्या दोन ओळींच्या जागी आवाज नुसता आलापीत ठेवा, बाकी मिक्स करून ठेवा, आणि त्या ओळींचा ट्रॅक वेगळा सांभाळा, पुसू नका.

आणि वाटणीचा कागद या आठवड्यातच करा, साधा चालतो, गाण्याचं नाव, तारीख, चौघांची नावं, कोणाचा किती टक्के, सह्या, आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याचा फोटो.